पडद्यावरचा भूतकाळ

गेलेला काळ परत येत नाही, असे सारेच म्हणतात. परंतु चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात, समोरच्या पांढऱ्या पडद्यावर घोड्यांची ट्राम धावू लागते, रस्त्याकडेचे गॅसचे दिवे लुकलुकू लागतात, पागोटी घातलेली माणसे लगबगीने ये-जा करू लागतात; आणि हा नियम दोन-तीन तासांपुरता रद्द झाल्यासारखा वाटतो. ग्रंथातून जो काळ शब्दाशब्दाने उलगडावा लागतो, तो चित्रपटात एका दृष्टिक्षेपात उभा राहतो. चित्रपटाचे हे सामर्थ्य फार मोठे आहे. सामर्थ्य जेवढे मोठे, तेवढी जबाबदारीही मोठी असते. म्हणून गतकाळावरील चित्रपट पाहताना, पडद्यावर दिसणारा काळ आणि प्रत्यक्षात होऊन गेलेला काळ यांत किती अंतर पडले आहे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

एका काळातील वस्तू, रीत किंवा विचार दुसऱ्याच काळात नेऊन ठेवणे, या दोषाला मराठीत 'कालविपर्यास' असे नाव आहे. विपर्यास म्हणजे उलटापालट. हा दोष काही चित्रपटाने जन्माला घातलेला नाही. शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' या नाटकात प्राचीन रोममध्ये घड्याळाचे टोले पडतात. परंतु टोले देणारे घड्याळ सीझरच्या नंतर कित्येक शतकांनी निर्माण झाले. राजा रविवर्मा यांनी आपल्या सुप्रसिद्ध चित्रांत पुराणांतील स्त्रियांना एकोणिसाव्या शतकातील साड्या नेसवल्या. ती चित्रे छापून घरोघरी पोहोचली. पुढे दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट निर्माण केला, तेव्हा पुराणकाळ कसा दिसत होता याची लोकांच्या मनातील कल्पना बरीचशी या चित्रांवरूनच बनलेली होती. डोळ्यांना एकदा सवय झाली, म्हणजे कल्पनाही खरीच भासू लागते.

तथापि नाटकातील चूक आणि चित्रपटातील चूक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नाटक पाहणाऱ्यास आपण नाटक पाहत आहोत, हे क्षणोक्षणी जाणवत असते. पडद्यावरची झाडे रंगवलेली असतात, राजवाडा फळ्यांचा असतो. चित्रपट मात्र छायाचित्रांचा बनलेला असतो. आणि छायाचित्र म्हणजे पुरावा, अशी मनुष्याची समजूत असते. त्यामुळे पडद्यावर जे दिसले ते घडले, असा ग्रह नकळत होऊन बसतो. १९६० सालच्या 'मुघल-ए-आझम' या भव्य चित्रपटाचेच उदाहरण घ्यावे. अबुल फजल याने लिहिलेल्या 'अकबरनामा' या ग्रंथात अनारकलीचा उल्लेख नाही. असे असूनही लक्षावधी प्रेक्षकांच्या मनात अकबर बादशहाच्या दरबाराबरोबर अनारकलीचे चित्र कायमचे कोरले गेले आहे. ग्रंथ वाचणारे थोडे आणि चित्रपट पाहणारे पुष्कळ. मग लोकांच्या मनात कोणाची साक्ष टिकणार, हे सांगावयास नको.

अकबराचा काळ दूरचा आहे. तो नीट ठाऊक नसणे स्वाभाविक होय. परंतु नवलाची गोष्ट अशी, की दूरच्या काळापेक्षा जवळचा काळ अधिक फसवा असतो. तीनशे वर्षांपूर्वीचे दृश्य उभारताना चित्रपटकार सावध असतो. जाणत्यांना विचारतो, जुनी चित्रे पाहतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे दृश्य उभारताना मात्र 'यात काय विचारायचे?' असे त्याला वाटते. इमारती त्याच, रस्ते तेच, माणसेही साधारण तशीच. याच विश्वासापायी त्याचा पाय घसरतो.

समजा, एखाद्या चित्रपटाची कथा १९४० सालच्या पुण्यात घडते आहे. नायक वाण्याच्या दुकानात जातो, एक किलो साखर मागतो आणि पंचवीस पैशांचे नाणे पुढे करतो. दुकानाबाहेर एक मोटार उभी आहे. तिच्या पाटीवर 'एमएच' ही अक्षरे आहेत. इतक्यात टपालवाला येऊन पत्र देतो. पत्त्याच्या अखेरीस 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेले असून त्याखाली सहा अंकी पिन कोड आहे. दृश्य अवघ्या अर्ध्या मिनिटाचे. परंतु यात चुका किती?

साखर किलोने मागणे ही पहिली चूक. आपल्या देशात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. तत्पूर्वी दुकानात शेर, मण आणि तोळा यांचा व्यवहार चाले. पंचवीस पैशांचे नाणे ही दुसरी चूक. रुपयाचे शंभर पैसे १ एप्रिल १९५७ पासून झाले. त्यापूर्वी रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन. अर्थात चार आणे म्हणजे सोळा पैसे. पंचवीस पैशांचे नाणे असण्याचा संभवच नव्हता. मोटारीवरील 'एमएच' ही अक्षरे १९८९ पासूनची. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली. १९४० साली पुणे हे मुंबई इलाख्यात मोडत असे. आणि पिन कोडची पद्धत तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. अशा रीतीने अर्ध्या मिनिटात पाच वेगवेगळे काळ एकमेकांत मिसळले. जो प्रेक्षक हे जाणतो, त्याला हसू येते. जो जाणत नाही, तो हे सारे खरे समजून घरी जातो.

या ठिकाणी भाषेचे एक कौतुक सांगण्यासारखे आहे. आणा व्यवहारातून कधीच गेला. परंतु 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार अजून जिवंत आहे. पै नाहीशी झाली, तरी काटकसरी मनुष्य 'पै-पैचा हिशेब' ठेवतोच. जुना काळ असा भाषेत, भांड्यांत, जुन्या पत्रांत आणि नाण्यांत ठिकठिकाणी जपलेला असतो. शोधणाऱ्यास तो सापडतो. चित्रपटकाराने तो शोधावा, एवढीच अपेक्षा असते.

मग चुका का होतात? त्याचे पहिले कारण म्हणजे खर्च. आजच्या रस्त्यावर जुना काळ दाखवायचा, तर विजेच्या तारा, इमारतींवरील तबकड्या, खिडक्यांतील वातानुकूलन यंत्रे, प्लॅस्टिकच्या पाट्या हे सारे झाकावे किंवा पुसावे लागते. त्याकरिता द्रव्य लागते. दुसरे कारण घाई. चित्रीकरणाचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. हवे ते जुने घड्याळ वेळेवर मिळाले नाही, म्हणजे नवेच घड्याळ भिंतीवर लटकते. तिसरे कारण अज्ञान. चौथे कारण मात्र वेगळे आहे. प्रेक्षकांना जे आवडते, तेच त्यांना दाखवावे, मग ते खरे असो वा नसो, अशी वृत्ती काही ठिकाणी असते. पहिल्या तीन कारणांनी झालेली चूक क्षम्य मानता येईल. चौथ्या कारणाने झालेली चूक ही चूक नसून फसवणूक होय.

प्रत्येक चूक सारख्याच योग्यतेची नसते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २००१ सालच्या 'लगान' या चित्रपटाची कथा १८९३ सालची आहे. दुष्काळाने गांजलेले खेडूत साऱ्याची माफी मिळवण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्यांशी क्रिकेटचा सामना खेळतात. चित्रपटातील षटक सहा चेंडूंचे आहे. परंतु इंग्लंडात १८८९ पासून १८९९ पर्यंत पाच चेंडूंनंतरच गोलंदाज बदलत असे. सहा चेंडूंचा नियम तेथे १९०० साली आला. मराठीत तर याची मोठी गंमत होते. 'षटक' या शब्दाचा अर्थच मुळी सहांचा समूह. मग पाच चेंडूंच्या षटकाला म्हणावे तरी काय? ही चूक खरी असली, तरी तिने चित्रपटाचे मर्म बिघडत नाही. ते गाव कल्पित आहे, तो सामना कल्पित आहे. सामान्य माणसे एकजुटीने अन्यायासमोर उभी राहतात, हे त्या कथेचे सांगणे आहे. आणि ते सांगणे पाच चेंडूंनी उणे होत नाही की सहा चेंडूंनी वाढत नाही.

थोर धावपटू मिल्खासिंग यांच्या जीवनावरील 'भाग मिल्खा भाग' हा चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला. त्यात मिल्खासिंग यांच्या उमेदवारीच्या दिवसांतील एका प्रसंगी जे गीत येते, ते १९६२ सालच्या 'सन ऑफ इंडिया' या चित्रपटातील आहे. मिल्खासिंग यांची रोम येथील सुप्रसिद्ध शर्यत १९६० सालची. म्हणजे गीत जन्माला येण्यापूर्वीच ते गायिले गेले! जाणकारांनी ही चूक दाखवून दिली, हे योग्यच झाले. परंतु देशाच्या फाळणीत घरदार आणि आप्त गमावलेला एक पोरका मुलगा कष्टाने जगज्जेत्यांच्या पंक्तीत जाऊन उभा राहिला, हे जे त्या जीवनाचे सार, त्याला या चुकीने बाध येत नाही.

याहून सूक्ष्म असा आणखी एक कालविपर्यास आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वस्तू बरोबर असतात; पण माणसे चुकीची असतात. धोतर त्या काळचे, टोपी त्या काळची, कंदील त्या काळचा. परंतु त्या टोपीखालचा माणूस आजचा! समजा, १९५५ सालच्या एका कथेत मुंबईस नोकरी करणारा मुलगा मनात येताच गावच्या घरी दूरध्वनी लावतो आणि आईशी बोलू लागतो. दूरध्वनी यंत्र अगदी त्या काळचे, काळे आणि जड असे दाखवले आहे. तरीही दृश्य खोटे आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी आपल्या हाताने सरळ क्रमांक फिरवण्याची सोय आपल्या देशात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांमध्ये झाली. तत्पूर्वी 'ट्रंककॉल' मागावा लागे आणि तो जोडला जाईपर्यंत ताटकळत बसावे लागे. बहुतेक खेड्यांत तर दूरध्वनी नव्हताच. मुलाने पत्र लिहावे, आईने ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि पुन्हा पुढच्या पत्राकडे डोळे लावून बसावे, अशी ती रीत होती. दारात तारवाला दिसला, की पाकीट उघडण्यापूर्वीच घरातील माणसांच्या छातीत धस्स होई. कारण तार बहुधा वाईट बातमीसाठीच येत असे. ही तारसेवाही आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

म्हणजे काळ हा केवळ वस्तूंचा संग्रह नव्हे. त्या वस्तू नसताना माणसांनी काय केले, किती वाट पाहिली, किती सोसले आणि कशाने ती आनंदली, हाही काळच होय. चित्रपटाने ती वाट पाहणे पुसून टाकले, तर त्या आईच्या जीवनाचा मोठा भागच पुसला जातो. उलट हे जपणारा चित्रपट साध्या सामग्रीनिशीही भूतकाळ जिवंत करतो.

आता अशा एका चुकीचा विचार करू या, की जी दिसावयास अगदी लहान आहे. १९४२ सालचे 'छोडो भारत' आंदोलन दाखवायचे आहे. मोर्चा निघाला आहे, मुलांच्या हातांत तिरंगे झेंडे आहेत, आणि त्या झेंड्यांच्या मधोमध अशोकचक्र आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवतील, यात शंका नाही. पण अशोकचक्र असलेला राष्ट्रध्वज घटना समितीने स्वीकारला तो २२ जुलै १९४७ रोजी. १९४२ साली लोकांच्या हाती जो तिरंगा होता, त्यावर चरखा होता. १९३१ साली काँग्रेसने तो ध्वज निश्चित केला होता.

'चक्र काय आणि चरखा काय, तिरंगा तो तिरंगाच,' असे कोणी म्हणेल. त्याने नंदुरबारचे स्मरण करावे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्या गावात मुलांचा मोर्चा निघाला. त्यात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी हातात झेंडा घेऊन उभा होता. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्या मुलांना स्वराज्य पाहावयास मिळाले नाही. चक्रांकित ध्वजही पाहावयास मिळाला नाही, कारण तो अजून पाच वर्षे दूर होता. ज्या झेंड्यासाठी त्यांनी प्राण वेचले, त्यावर चरखा होता. आणि तो चरखा म्हणजे आपल्या हाताने सूत कातून परक्याची सत्ता नाकारण्याची खूण होती. त्या मुलांच्या हातातील झेंडा बदलणे म्हणजे त्यांच्या हातून त्यांचीच वस्तू काढून घेणे होय. शिवाय, ज्या स्वातंत्र्याची तेव्हा कोणालाही खात्री नव्हती, ते जणू आधीच मिळालेले होते, असा भास त्या चक्राने होतो. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना ती मुले पुढे सरसावली, यातच त्यांचे धैर्य होते. चित्रकाराच्या कुंचल्याचा एवढासा फरक. पण त्याने त्या धैर्याची किंमत उणी होते.

यावरून चूक लहान की मोठी हे ठरवण्याची एक कसोटी हाती येते. वस्तू केवढी आहे, यावर ते ठरत नाही. त्या चुकीमुळे कोणाचे काही हिरावले गेले काय, हे पाहावे. क्रिकेटमधील एका चेंडूने कोणाचे काही हिरावले जात नाही. नंदुरबारच्या मुलांच्या झेंड्यावरील चरखा मात्र कोणाचा तरी होता.

हीच कसोटी एका थोर चित्रपटास लावून पाहण्यासारखी आहे. रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. अंत्ययात्रेच्या एका दृश्यासाठी दिल्लीत सुमारे तीन लाखांचा समुदाय जमला होता, एवढे त्याचे प्रचंड रूप! परंतु त्या भव्यतेपेक्षाही त्यातील वेशभूषेची अचूकता अधिक अभ्यासनीय आहे. गांधीजींचे सारे जीवन त्यांच्या पोशाखावरून वाचता येते. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर म्हणून सूट, मायदेशी परतल्यावर काठेवाडी फेटा आणि अंगरखा, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे गरिबांशी एकरूप होण्यासाठी स्वीकारलेला आखूड पंचा. पोशाखातील प्रत्येक बदलामागे एक निर्णय आहे. तो बदल एका वर्षाने जरी अलीकडे-पलीकडे झाला, तरी निर्णयाचा अर्थ हरवतो. ही अवघड कामगिरी ज्यांनी पार पाडली, त्यांत कोल्हापूरच्या कन्या भानू अथय्या होत्या. जॉन मोलो यांच्यासह त्यांना या वेशभूषेबद्दल १९८३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. 'लगान'मधील खेडुतांची वेशभूषाही त्यांचीच आहे. टाका आणि सुरकुती यांतूनही इतिहासाची सेवा करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

असा हा काळजीपूर्वक निर्मिलेला चित्रपट. पण त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोठेच नाहीत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून सत्याग्रह करणारे, २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे करारातील प्रमुख पुरुष आणि पुढे भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले आंबेडकर त्या पडद्यावर क्षणभरही येत नाहीत. एका मनुष्याचे सारे आयुष्य एका कथनात मावणे शक्य नाही, अशा अर्थाची कबुली त्या चित्रपटाच्या आरंभी दिलेली आहे, आणि ती प्रामाणिक आहे. तीन तासांत सर्वांना स्थान देता येत नाही, हेही खरे. तरीसुद्धा ज्या प्रेक्षकाने केवळ हाच चित्रपट पाहिला, त्याच्या दृष्टीने तो काळ अपुराच राहतो. गांधीजी आणि आंबेडकर यांच्यात अस्पृश्यांच्या हक्कांविषयी जो गंभीर मतभेद झाला, त्यातूनच पुढील भारताची घडण झाली. त्या मतभेदाची वार्ताही त्याला कळत नाही. येथे एकही नाणे चुकलेले नाही, एकही टोपी चुकलेली नाही. तरी कोट्यवधी माणसांचा आवाज मात्र गळलेला आहे.

पडद्यावर जे चुकीचे दिसते, ते कोणीतरी दाखवून देतो. जे दिसतच नाही, ते दाखवून देणार कोण? म्हणून गाळणे ही सर्वांत अवघड चूक होय. सुदैवाने अशा उणिवा भरून काढण्याचे साधनही चित्रपटच होऊ शकतो. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट २००० साली प्रकाशात आला, आणि गांधी-आंबेडकर यांच्यातील तो मतभेद दुसऱ्या बाजूनेही पाहण्याची सोय झाली. एका चित्रपटाचे उत्तर दुसऱ्या चित्रपटाने द्यावे, यात लोकशाहीचाच विजय आहे. चित्रपटावर रागावून तो बंद पाडण्यापेक्षा अधिक खरा चित्रपट निर्माण करणे केव्हाही श्रेयस्कर.

यावर एक आक्षेप येईल. चित्रपट ही कला आहे. ती इतिहासाची बखर नव्हे. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य हवे, आणि वर्षे व वजने मोजीत बसल्यास रसभंग होईल. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. न घडलेले संवाद कलावंताने रचावेत, कल्पित पात्रे निर्माण करावीत, दहा दिवसांचा प्रसंग दहा मिनिटांत आणावा. त्यावाचून कथा उभीच राहणार नाही. परंतु ज्या क्षणी तो पडद्यावर एखाद्या सालाची पाटी झळकवतो, त्या क्षणी तो प्रेक्षकाला एक वचन देत असतो. 'ही गोष्ट माझी आहे, पण हा काळ खरा आहे,' असे ते वचन होय. कादंबरीतील नायक कल्पित असला, तरी तो ज्या नदीकाठी राहतो ती नदी उलटी वाहत नाही. स्वातंत्र्य आणि बेफिकिरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. काळ पूर्ण जाणून घेऊन मग कल्पनेने भरारी मारणे हे स्वातंत्र्य. काळ जाणून घेण्याचा कंटाळा करणे ही बेफिकिरी.

दुसऱ्या बाजूने प्रेक्षकानेही अतिरेक टाळला पाहिजे. केवळ चुका टिपण्यासाठी चित्रपट पाहणारा मनुष्य हा आमराईत जाऊन किडकी पाने मोजणाऱ्यासारखा होय. त्याच्या वहीत पानांचा आकडा येतो. आंब्याची गोडी मात्र जिभेवर येत नाही. चित्रपट आधी मनापासून पाहावा, त्यातील रस घ्यावा, आणि मग त्याला प्रश्न विचारावेत.

हे प्रश्न विचारण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही. घरातील आजी-आजोबा, कपाटातील जुने छायाचित्र, पेटीच्या तळाशी पडलेले नाणे, ग्रंथालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या फायली, गावातील जुन्या इमारतीवर कोरलेले साल ही सारी साक्षीदार मंडळी जवळच असतात. आणखी एक उत्तम साक्षीदार म्हणजे त्या त्या काळातच निर्माण झालेले चित्रपट. प्रभात कंपनीचा 'कुंकू' हा चित्रपट १९३७ साली तयार झाला. त्यातील घर, भांडी, लुगडी, माणसांचे चालणे-बोलणे हे कोणी इतिहास म्हणून रचलेले नाही; तो त्यांचा वर्तमानकाळच होता. आज मात्र तो इतिहासाचा पुरावा झाला आहे. अशी जुनी चित्रे नष्ट होऊ नयेत, म्हणून १९६४ साली पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. जुन्या काळाचा चित्रपट काढू इच्छिणाऱ्याने अशा ठेव्याचा अभ्यास केला, तर निम्म्या चुका आपोआप टळतील.

विद्यार्थ्यांनी हा विषय आपला मानावा, याला आणखी एक कारण आहे. आजचा दिवसही उद्या भूतकाळ होणार आहे. पन्नास वर्षांनंतर कोणी चित्रपटकार आजच्या शाळेचे, आजच्या गावाचे आणि आजच्या मुलांचे चित्र पडद्यावर उभे करील. तेव्हा त्या चित्रात दप्तर चुकीचे दिसले, तर कदाचित कोणी मनावर घेणार नाही. पण आजची मुले कशासाठी झटली, कोणाशी मैत्रीने वागली, कोणत्या अडचणींतून शिकली, हेच जर त्यात नसेल, तर ते चित्र पाहून त्यांना निश्चितच वाईट वाटेल. जे होऊन गेले, त्यांनाही असेच वाटले असते. परंतु त्यांना आता बोलता येत नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचे काम जाणत्या प्रेक्षकाचे आहे.